नोंद दुसऱ्याकडे उघडी आहे

बसखात्याच्या हरवले-सापडले विभागात खिडक्या दोन होत्या आणि नोंदवही एकच. वही इतकी जाड, की ती उघडी असली की तिच्यामागे बसलेला माणूस दिसत नसे. तिला सुतळीने एक पेन बांधलेलं होतं, आणि बसमध्ये विसरलेल्या प्रत्येक छत्रीची, डब्याची, चष्म्याची आणि एकेकट्या चपलेची तिच्यात नोंद होती. (एक चप्पल बसमध्ये विसरून माणूस घरी कसा पोचतो, यावर त्या विभागात गेली वीस वर्षं चर्चा चालू होती. एकमत अजून झालेलं नव्हतं.)

वही ज्याच्यापुढे, त्याचं राज्य. एक नंबरच्या खिडकीवर बाई बसत. त्यांचा हात एवढा जलद, की गिऱ्हाईक 'छत्री' म्हणेपर्यंत त्यांनी तिचा दांडा लाकडी की प्लॅस्टिकचा हे लिहून टाकलेलं असे. दोन नंबरवर कंडक्टरकाका. उभं आयुष्य बसमध्ये उभं राहून काढल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा खात्याने त्यांना खुर्ची दिली होती. बाई आणि कंडक्टरकाका चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पंखा. तो कुणाकडे तोंड करून असावा यावरून एका दुपारी दोघांचं जे वाजलं, ते कायमचंच. तेव्हापासून बाईंना वही हवी असली की त्या हवेत बघून म्हणत, “वही मोकळी आहे का कुणाकडे?” आणि कंडक्टरकाका भिंतीवरच्या घड्याळाला सांगत, “काम चालू आहे.” मग कपाटवाले, म्हणजे सापडलेलं सामान सांभाळणारे गृहस्थ, सुस्कारा टाकून उठत आणि वही इकडची तिकडे नेऊन ठेवत.

या सगळ्यांच्या वर मुख्य कारकून. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ऑफिसात सगळे त्यांना बिनचूकराव म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'बिनचूक' या शब्दावर येऊन थांबे. तोंडावरही म्हणत. त्यांना ती पदवी वाटे.

एक दिवस मुख्य कचेरीतून चार संगणक आले आणि सोबत पत्र आलं, की प्रोग्रामची व्यवस्था स्थानिक पातळीवर करून घ्यावी. 'स्थानिक पातळी' म्हणजे कोण, हे विभागाच्या साहेबांनी दोनदा पत्र वाचून पाहिलं तरी त्यात लिहिलेलं नव्हतं. बिनचूकरावांनी सहा महिने संध्याकाळचा डेटाबेसचा वर्ग केला होता. ते उभे राहिले. खरं तर उभं राहायची काही गरज नव्हती.

“मी करतो साहेब. आठ दिवसांत. बिनचूक.”

आठ दिवसांचे अडीच महिने झाले, पण प्रोग्राम झाला. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलाखाली मुख्य संगणक बसला, कारण कुलूप असलेलं दार तेवढं एकच होतं. सगळ्या नोंदी त्याच्यात. बाई, कंडक्टरकाका आणि स्वतः बिनचूकराव यांचे तीन संगणक त्याला जोडलेले. बिनचूकरावांनी कशाकशाचा म्हणून विचार केला नव्हता! छत्रीच्या रंगालाच बत्तीस पर्याय होते, त्यात 'मूळचा काळा' हाही होता. डब्याच्या बाबतीत 'आत अन्न आहे' आणि 'आत अन्न होते' असे दोन वेगळे रकाने होते. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो पंधरा दिवस चालवून पाहिला. एकदाही अडला नाही.

त्यांच्या बायकोने, त्या शाळेत गणित शिकवत, उत्तरपत्रिका तपासता तपासता फक्त एवढंच विचारलं, “अहो, एकच नोंद दोघांनी एकदम उघडली तर?”

“एकदम कशाला उघडतील? एका छत्रीला दोन माणसं कशाला?”

बायकोने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि शेजारच्या कागदावर काहीतरी लिहिलं. बिनचूकरावांना वाटलं, कुणाचे तरी मार्क कापले.

पहिल्या आठवड्यात साहेब खूश, रांग खूश, आणि वही कपाटात. दुसऱ्या आठवड्यात कवळी आली.

एका निवृत्त पोस्टमास्तरांची दातांची कवळी बसच्या सीटखाली सापडली होती. ती न्यायला ते स्वतः बाईंच्या खिडकीवर आले. बाईंनी नोंद उघडली, ओळख पटवली (कवळीच्या बाबतीत ओळख पटवणं सोपं असतं, ती जागच्या जागी बसवून बघता येते), 'मालकास दिली' असं लिहिलं आणि सेव्ह केलं. पोस्टमास्तर चकाकत्या तोंडाने बाहेर पडले. या सगळ्याच्या दहा मिनिटं आधीच कंडक्टरकाकांनी तीच नोंद आपल्या संगणकावर उघडली होती. त्यांना त्यात 'कवळी' हा शब्द ऱ्हस्व लिहिलेला दिसला होता आणि अशुद्ध लेखन त्यांना खपत नसे. एका बोटाने त्यांनी ती दीर्घ वेलांटी शोधली, दिली, समाधानाने मान हलवली आणि सेव्ह केलं. त्यांच्या पडद्यावर जुनी नोंद होती. त्या जुन्या नोंदीत कवळी अजून कपाट चार, कप्पा दोनमध्येच होती. मुख्य संगणकाने शेवटी आलेलं खरं मानलं. बाईंनी लिहिलेलं पुसलं गेलं, कवळी दीर्घ झाली आणि परत कपाटात आली. कागदोपत्री.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांचा मुलगा आला. तो वकील होता. वडील कवळी मिळताच परस्पर लेकीकडे जेवायला गेले होते, आणि हे त्याला माहीत नव्हतं. संगणक म्हणाला, कपाट चार, कप्पा दोन. कपाटवाल्यांनी कप्पा दोन पाहिला, मग कप्पा एक ते सहा, मग सगळं कपाट रिकामं करून जमिनीवर मांडलं.

“इथे नाहीये,” ते म्हणाले.

“संगणक म्हणतोय आहे,” बिनचूकराव म्हणाले.

“मग संगणकाला काढून द्यायला सांगा.”

वकील मुलाने डायरी काढली. “म्हणजे सरकारी ताब्यातून दातांची चोरी झाली, असं मी लिहून घेऊ का?”

“चोरी?” कपाटवाल्यांचा आवाज चढला. एकवीस वर्षांत त्यांच्या कपाटातून टाचणी हलली नव्हती. “दुसऱ्याची कवळी चोरून मी काय, दोन-दोन लावून जेवणार आहे?”

बाई मात्र सांगत होत्या, की मी स्वतः काल दिली, माझ्यासमोर त्यांनी लावली, मला हसून दाखवलं. पण पडद्यावर तसा पुरावा नव्हता, आणि बिनचूकराव आपल्या प्रोग्रामपेक्षा बाईंच्या स्मरणशक्तीवर संशय घ्यायला जास्त तयार होते. तीन तास कपाटं उपसली गेली. साहेबांनी 'कवळी गहाळ' या विषयावर टिपण लिहायला घेतलं. शेवटी वकिलाच्या बहिणीचा फोन आला, की बाबा इथे आहेत आणि त्यांनी आत्ताच मक्याचं कणीस खाल्लं.

बाई बिनचूकरावांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपल्या खिडकीची काच जरा जोराने लावली. कपाटवाले दोन दिवस बिनचूकरावांशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले. तोपर्यंत ऑफिसात न बोलणारी एकच जोडी होती. आता तिघं-चौघं झाले.

बिनचूकरावांच्या वरच्या मजल्यावर प्रिंटरवाले राहत. ते प्रिंटर विकत, त्यामुळे सगळी इमारत त्यांना संगणकतज्ज्ञ मानत असे आणि तेही हरकत घेत नसत. जिन्यात गाठून त्यांनी सल्ला दिला.

“कुलूप लावा हो! एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला बंद. त्याने सोडली की मग दुसऱ्याला. सोपं आहे.”

“तेच लावणार होतो,” बिनचूकराव म्हणाले. ते काही तेच लावणार नव्हते, पण शेजाऱ्याच्या सल्ल्याने चालणाऱ्यांतले ते नव्हते. पुस्तक काढून दोन रविवारांत त्यांनी कुलूप लावलं आणि त्यासाठी संदेशही स्वतः रचला: 'प्रस्तुत नोंद अन्य कर्मचाऱ्याच्या अखत्यारीत उघडी असल्याकारणे आपणांस प्रवेश नाही. कृपया प्रतीक्षा करावी.' हा संदेश त्यांनी घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याला भारदस्तपणा होता.

कुलूप चाललं. जरा जास्तच चाललं. बाईंनी एक छत्री उघडली की कंडक्टरकाकांना एक डबा, दोन चष्मे आणि मुलांचं एक तीनचाकी उघडता येईना. कारण त्या डेटाबेसात नोंदी सुट्या नव्हत्या, वहीसारख्या पानापानाने ठेवलेल्या होत्या, आणि कुलूप लागे ते अख्ख्या पानाला. ही गोष्ट बिनचूकरावांच्या पुस्तकात एकशे चाळिसाव्या पानावर होती. ते एकशे बारापर्यंत पोचले होते. बाकीची अठ्ठावीस पानं त्यांनी एका बैठकीत संपवली, एका पानावर एकच नोंद मावेल अशी तजवीज केली, आणि सोमवारी कॉलर सरळ करून ऑफिसला आले.

सोमवारी एक जोडपं आलं. त्यांची एक पिशवी आणि एक छत्री एकाच सीटवर राहिली होती. कुठली रांग आधी सरकते हे बघायला नवरा एक नंबरच्या रांगेत उभा राहिला आणि बायको दोनच्या. दोन्ही एकदमच सरकल्या. बाईंनी पिशवीची नोंद उघडली, कंडक्टरकाकांनी छत्रीची. नियम असा, की एका सीटवरच्या वस्तू एकत्र द्यायच्या. म्हणून बाईंनी छत्री मागितली आणि कंडक्टरकाकांनी पिशवी. दोन्ही पडद्यांवर भारदस्त संदेश आला. कृपया प्रतीक्षा करावी.

दोघांनी केली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दोघांनाही नक्की माहीत होतं की दुसरी वस्तू कुणाकडे अडकली आहे, कारण खोलीत तिसरी खिडकीच नव्हती. बाई हवेत म्हणाल्या, “कुणीतरी छत्री सोडली तर बरं होईल.” कंडक्टरकाका घड्याळाला म्हणाले, “आधी पिशवी सुटली तर छत्री सुटेल.” बिनचूकराव मध्ये पडले.

“बाई, तुम्ही जरा मोठेपणा घ्या.”

“मी आधी उघडलंय.”

“काका, मग तुम्ही?”

“मी खात्यात आधी लागलोय.”

खिडकीबाहेर नवरा-बायकोचंही सुरू झालं. तो म्हणे, तुला माझ्याच रांगेत उभं राहायला काय झालं होतं? ती म्हणे, तुमची रांग आजवर कधी सरकली आहे का? अर्धा तास गेला. शेवटी कपाटवाले फडकं घेऊन कंडक्टरकाकांच्या टेबलापाशी गेले आणि एक शब्द न बोलता त्यांचा कीबोर्ड पुसू लागले. तीनदा पुसला. कुठलं तरी बटण दाबलं गेलं, छत्री सुटली, आणि बाईंनी दोन्ही वस्तू खिडकीतून बाहेर सरकवल्या. ते बटण चुकून दाबलं की मुद्दाम, हे कपाटवाल्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

प्रिंटरवाल्यांनी पुन्हा जिन्यात गाठलं. “पाच मिनिटांत काही हालचाल नाही झाली, तर कुलूप आपोआप सुटायला हवं.”

पण कंडक्टरकाकांना एका वस्तूचं वर्णन लिहायला अकरा मिनिटं लागत आणि त्यातली चार ते योग्य शब्द आठवत स्वस्थ बसत. पाचव्या मिनिटाला कुलूप सुटलं असतं तर त्यांचं एकही वर्णन पुरं झालं नसतं. शिवाय बिनचूकरावांना आता माघार नको होती. त्यांनी उलट कुलूप घट्ट केलं. “साहेब,” त्यांनी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणालाही काढता येणार नाही. खुद्द मलाही नाही.”

साहेबांना हे फार आवडलं. जे कुणालाच करता येत नाही, त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही. त्यांनी लगेच परिपत्रक काढलं: संगणकाच्या पावतीशिवाय कोणतीही वस्तू कोणालाही देण्यात येऊ नये.

परिपत्रकाची शाई वाळली नसेल, तेवढ्यात पिशवी हरवली.

झालं असं, की बिनचूकराव आणि त्यांची बायको सकाळी एकाच बसने निघत. त्या दिवशी बसमध्ये ते बायकोला कुलुपाची नवी रचना समजावून सांगत होते. तिला ती दोन्ही वेळा समजली होती, पण ते तिसऱ्यांदा सांगत होते. ऐकता ऐकता तिचा थांबा आला, गाडी सुटायला लागली, ती धडपडत उतरली, आणि कापडी पिशवी सीटवर राहिली. पिशवीत बेचाळीस उत्तरपत्रिका. तपासलेल्या. मार्क शाळेत द्यायची शेवटची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी दोन, आणि मुख्याध्यापिका अशा, की वर्गात मुलाने पेन्सिल हरवली तर वर्गशिक्षिकेला विचारत, तुमचं लक्ष कुठे होतं?

संध्याकाळी ती रडवेली होऊन घरी आली. बिनचूकराव मात्र निर्धास्त.

“अगं, येऊन जाऊन माझ्याच विभागात येणार ना? किंबहुना आली असेल. उद्या ये, पाच मिनिटांत मिळेल. फक्त रांगेतून ये हं. आमच्याकडे वशिला चालत नाही.”

पिशवी खरोखरच आली होती. दुपारी कंडक्टरकाकांनी तिची नोंद उघडून वर्णन लिहायला घेतलं होतं. 'कापडी, मध्यम, बंद मातीच्या रंगाचे, आत कागद' इथपर्यंत ते आले आणि हॉस्पिटलातून फोन आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सहा महिने ते ज्या खाटेची वाट पाहत होते ती रिकामी झाली होती. आत्ता या, उद्या सकाळी करून टाकू. काका उठले, संगणकाचं बटण जिथे हाताला लागलं तिथे दाबलं आणि निघून गेले. संगणक बंद झाला. कुलूप गेलं नाही. ते साहेबांच्या टेबलाखाली, मुख्य संगणकात, काकांच्या नावाने शाबूत होतं.

सकाळी साडेदहाला बिनचूकरावांची बायको एक नंबरच्या रांगेतून खिडकीशी आली. बाईंनी नोंद उघडायला घेतली आणि मग पडद्यावरचा मजकूर शांतपणे मोठ्याने वाचला.

“प्रस्तुत नोंद अन्य कर्मचाऱ्याच्या अखत्यारीत उघडी असल्याकारणे आपणांस प्रवेश नाही.”

“म्हणजे?” ती म्हणाली.

“म्हणजे हे आत बसलेत ना, त्यांना विचारा.”

पिशवी समोरच दिसत होती. कपाट दोनच्या जाळीतून तिचे बंद बाहेर लोंबत होते. कपाटवाल्यांनी ती काढून हातातही घेतली. मग परिपत्रक आठवून परत ठेवली. बिनचूकराव कंडक्टरकाकांच्या संगणकापाशी धावले, तर तो परवलीचा शब्द मागू लागला. हॉस्पिटलात फोन लावला. काकांच्या बायकोने उचलला.

“शस्त्रक्रिया झाली हो, छान झाली. पण अजून गुंगीत आहेत.”

“काकू, जरा विचारून बघा ना, त्यांचा ऑफिसातला परवलीचा शब्द काय आहे?”

फोनमधून काकूंचा दबका आवाज आला, मग काकांचा, घोगरा पण खणखणीत: “पुढे चला! पुढे चला! मागच्या दाराने उतरू नका!”

“हा आहे का परवलीचा?” काकूंनी विचारलं.

बिनचूकरावांनी तोही टाकून पाहिला. नव्हता.

साडेअकरा. रांग दारापर्यंत गेलेली. बिनचूकराव साहेबांकडे गेले आणि म्हणाले, की पिशवी माझ्या बायकोची आहे, माझ्या जबाबदारीवर द्यावी. साहेबांनी डोळे मिटून नियम आठवला. “कर्मचाऱ्याने नातेवाइकांची ओळख पटवू नये. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर चाललं असतं. तुम्ही तिला ओळखता, हीच अडचण आहे.”

बिनचूकराव बाहेर आले. बायको खिडकीशी उभी होती. तिने आवाज चढवला नाही, काही नाही. घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत ती त्यांच्यावर पुष्कळदा चिडली होती, पण या वेळी ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. हे त्यांना पाहवलं नाही. ते तसेच वळले आणि पुन्हा केबिनमध्ये शिरले.

“साहेब, ते कुलूप मला काढता येतं.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, खुद्द तुम्हालाही नाही.”

“सगळ्यांनी प्रोग्राममधून बाहेर पडलं, तर मुख्य संगणकावरून सगळीच कुलपं एकदम पुसता येतात. मी सांगितलं नाही. मला…” बिनचूकरावांनी कॉलर सैल केली. “माझं चुकलं.”

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर बाईंची टकटक थांबली. कपाटवाले हातातलं फडकं तसंच धरून उभे राहिले. हे वाक्य त्या ऑफिसात याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

साहेबांनी पाय बाजूला घेतले. बिनचूकराव टेबलाखाली शिरले. डोकं टेबलाला दोनदा आपटलं, एकदा जाताना आणि एकदा येताना. कुलपं पुसली गेली. त्याबरोबर कंडक्टरकाकांचं अर्धवट वर्णनही गेलं, अकरातली सात मिनिटं वाया. नोंद कोरी झाली. आता नियमाप्रमाणे पिशवीत काय आहे हे मालकाने सांगायचं आणि कर्मचाऱ्याने उघडून ताडून पाहायचं.

“बेचाळीस उत्तरपत्रिका,” ती म्हणाली. “दोन लाल पेनं. चष्म्याचं रिकामं घर. आणि एक घडी केलेला कागद.”

“कागदावर काय?” बाईंनी पिशवीत हात घालत विचारलं.

ती जराशी घुटमळली. “यादी आहे. घरगुती.”

“वाचावं लागेल हो. नियम आहे.” बाईंनी घडी उलगडली, आणि त्यांचा आवाज, जो एरवी काचेच्या अलीकडे राहत असे, साऱ्या खोलीभर गेला. “'यांच्या प्रोग्राममध्ये काय होऊ शकेल. एक: दोघांनी एकच नोंद एकदम उघडली तर? दोन: दोघांना एकमेकांची नोंद हवी असली तर? तीन…'” मधले आकडे त्यांनी मनात वाचले, मान डोलावली, आणि पुढे गेल्या. “'नऊ: कंडक्टरकाका नोंद उघडी ठेवून हॉस्पिटलात गेले तर? हे जेवताना दोनदा सांगितलं. लक्ष नव्हतं.'”

रांगेतलं कुणीतरी हसलं. मग रांगच हसली. कपाटवाल्यांनी फडकं तोंडाला लावलं. बिनचूकरावांचे कान आधी लाल झाले, मग साहेबांच्या परिपत्रकासारखे पांढरे.

“ओळख पटली,” बाई म्हणाल्या. पावती निघाली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बिनचूकराव बायकोला दारापर्यंत सोडायला गेले. तिने पिशवी छातीशी धरली होती. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने तो कागद काढून त्यांच्या हातात दिला.

“सतरापर्यंत आहे,” ती म्हणाली आणि बस पकडायला पळाली. मार्क दीड वाजता शाळेत पोचले. मुख्याध्यापिकांनी विचारलं, एवढा घाम का आलाय?

पुढचा महिना दीड महिना बिनचूकराव त्या यादीवर बसले. रोज रात्रीच्या जेवणानंतर बायको विचारी, आज कितवा? आणि ते सांगत, अकरावा. त्यांना हे पूर्वीइतकं जड जात नव्हतं. सगळी कुलपं निघाली. आता नोंद कुणीही कधीही उघडावी, बदलावी. फक्त सेव्ह करताना संगणक बघे, की तुम्ही उघडल्यापासून दुसऱ्या कुणी हात लावला आहे का. लावला असेल तर तो काहीच पुसत नसे. दुसऱ्याने काय लिहिलंय आणि तुम्ही काय लिहिलंय, दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवी. त्यासाठीही बिनचूकरावांनी संदेश रचला: 'उभय कर्मचाऱ्यांच्या नोंदींमध्ये विसंगती उद्भवल्याकारणे…'

“हे कोण वाचणार?” बायकोने विचारलं.

“बाई. कंडक्टरकाका.”

“मग त्यांच्याशी बोलताय तसं लिहा की.”

तिने लाल पेन घेतलं, सगळं कापलं आणि खाली एक ओळ लिहिली. बिनचूकरावांनी ती एका अक्षराचाही बदल न करता घातली.

कंडक्टरकाका काठी टेकत परत आले. पहिल्याच दिवशी, अकराच्या सुमारास, एका छत्रीच्या नोंदीत रंग लिहून त्यांनी सेव्हचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: 'अहो, हे आत्ताच बाईंनी बदललंय. एकदा त्यांना विचारून घ्या.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाला यातलं काही माहीत नव्हतं. मग त्यांनी कपाटवाल्यांकडे पाहिलं, तर ते अचानक कपाटात वाकून काहीतरी शोधू लागले. बिनचूकरावांनी आपल्या पडद्यामागे डोकं खाली घातलं. खुर्ची मागे सरकली. काठीचे ठोके पडले, एक, दोन, तीन, असे सहा, आणि बाईंच्या टेबलाशी थांबले.

“बाई,” काका म्हणाले. आवाज जरा बसलेला होता, चार वर्षं न वापरल्यासारखा. “तुम्ही या छत्रीला निळी लिहिलंत का?”

बाईंची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. त्यांनी वर पाहिलं. “हो. का?”

“मी आकाशी लिहिलंय.”

“आकाशी कुठे? चांगली गडद निळी आहे. गुडघा कसा आहे?”

“बरा आहे. पण गडद कशी म्हणता? उन्हात धरून बघा. आकाशीच आहे.”

“तुम्हाला गुंगी अजून आहे वाटतं.”

“तुमचा चष्मा बदला.”

छत्री कपाटातून आली. खिडकीच्या उजेडात धरली गेली, दाराच्या उजेडात धरली गेली. बिनचूकरावांना बोलावून बत्तीस पर्यायांची यादी काढायला लावली. साहेब केबिनच्या दारात येऊन 'मोरपंखी' म्हणून गेले आणि कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पंधरा मिनिटं झाली. दोघं अजून भांडत होते, एकमेकांकडे बघून, एकमेकांशी.

खिडकीबाहेर रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या आजीबाईंनी काचेवर हळूच टकटक केली.

“तुमचं चालू द्या हो,” त्या म्हणाल्या. “पण माझी छत्री हिरवी होती.”